गरम झाल्यावरच उशिरा लागणारा तिसरा गिअर : २,३६,००० किलोमीटर चाललेल्या एका ऑटोमॅटिकचं निदान

गाडी टोचन करून आणलेली नव्हती, चालवत आणली होती. "ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेलाय" असं सांगत कोणी येतं तेव्हा मी आधी हेच बघतो. स्वतःच्या चाकांवर आलेली गाडी अजून बरंच काही सांगू शकते. ती बंद पडण्याआधी तिचं ऐकून घेतलं, तर पुष्कळदा अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागत नाही.

मालकीणबाईंच्या हातात आधीच्या वर्कशॉपचा कागद होता आणि त्यावर एकच ओळ होती : गिअरबॉक्स खराब, बदलणे. त्याआधी तिथे स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचला होता, एक सोलेनॉइड (विजेवर चालून तेलाचा व्हॉल्व्ह हलवणारा भाग) बदलला होता. फरक पडला नाही म्हणून हा निकाल. बाई म्हणाल्या, "गिअर लगेच पडतच नाही हो. आधी इंजिन ओरडतं, मग धाडकन लागतो. पण पहाटे काढली की गाडी नव्यासारखी चालते. गिअरबॉक्स गेलाच असेल, तर मग सकाळी कसा चालतो?"

या प्रकरणातला सगळ्यांत चांगला प्रश्न हाच होता, आणि तो गाडीच्या मालकिणीने विचारला. पुढचं सगळं निदान म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे.

गाडी आणि तक्रार

गाडी पेट्रोल, पुढची चाकं ओढणारी, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण बोलण्यात आपण चार वेगळ्या यंत्रांना सरसकट ऑटोमॅटिक म्हणतो. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आळीपाळीने काम करतात. आणि चौथी ही, ग्रहचक्रांच्या गिअरची, तेलाच्या दाबावर चालणारी. खाली जे लिहिलंय ते या चौथ्या प्रकाराबद्दल आहे. सीव्हीटीवाल्याने ते आपल्या गाडीला लावू नये.

मीटरवर २,३६,००० किलोमीटर. बिलं तपासली तर गिअरबॉक्सचं ऑइल एकदाच, १,१०,००० वर बदललेलं. म्हणजे आत्ता आत असलेलं तेल १,२६,००० किलोमीटर चाललेलं होतं. बाईंचा यात दोष नाही. त्यांना ते 'आयुष्यभर पुरणारं' आहे असंच सांगितलं गेलं होतं. या जाहिराती शब्दाने जितके गिअरबॉक्स मारले तितके रस्त्याने मारले नसतील, असं माझं मत आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही कंपनी स्वतःच आपल्या ऑटोमॅटिकसाठी वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा फार तर आठ वर्षांनी ऑइल बदला असं सांगते.

कोड वाचायच्या आधी मी अर्धा तास नुसतं विचारण्यात घालवला. कोणत्या गिअरला होतं? थंड असताना की गरम? चढावर की सपाट रस्त्यावर? रिव्हर्स कसा लागतो? उत्तरं जमत गेली तसं चित्र स्पष्ट झालं. पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच त्रास नाही. मग दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना इंजिन रेस होतं, गाडी क्षणभर मोकळी सुटल्यासारखी होते, आणि गिअर झटका देऊन लागतो. मोठ्या रस्त्यावर चौथ्यावरून पाचव्यालाही तेच. आणि शेवटी, मी मुद्दाम विचारल्यावर, "हो, गाडी मागे घ्यायची तर गरम असताना तीन-चार सेकंद थांबावं लागतं." त्यांना ती वेगळी, किरकोळ गोष्ट वाटत होती. प्रत्यक्षात सगळ्या कोड्याची किल्ली तिच्यात होती.

आधी जे नाही ते बाजूला

गिअरबॉक्सवर आळ घेण्याआधी इंजिन आणि माउंटिंग, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स धरून ठेवणारे रबरी आधार, तपासणं मी कधी सोडत नाही. फाटलेलं माउंटिंग गिअर बदलताना असा दणका देतं की कोणीही गिअरबॉक्सला दोष देईल. मिसफायरमुळे येणारी थरथर आणि कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचची, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू थेट जोडणाऱ्या क्लचची, थरथर सीटवर बसून सारखीच लागते. इथे माउंटिंग शाबूत होती, मिसफायरची नोंद नव्हती, बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग ठीक होतं. एका वेगावर स्थिर चालवताना लॉकअप लागल्यावर इंजिन आणि टर्बाइन (कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू) यांच्या फेऱ्यांतला फरक वीसच्या आत होता. म्हणजे कन्व्हर्टरही संशयातून मोकळा झाला.

मग ऑइलची लेव्हल. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. गाडी लिफ्टवर सपाट धरायची, इंजिन चालू ठेवायचं, सिलेक्टर सगळ्या जागांवरून फिरवून पार्कवर आणायचा, आणि तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना खालचा प्लग काढून जेमतेम थेंब गळतायत का ते बघायचं. तापमान न बघता केलेली लेव्हल ही लेव्हल नव्हेच, कारण हे तेल तापलं की चांगलंच फुगतं. थेंब बरोबर गळत होते. लेव्हल बरोबर.

यातून एक मोठी गोष्ट समजली. तेल कमी असतं तर त्रास थंड असताना जास्त झाला असता. थंड तेल आकसलेलं असतं, वळणावर किंवा ब्रेक मारताना पंप हवा ओढतो, आणि तापून तेल फुगलं की तक्रार उलट कमी होते. इथे नेमकं उलटं चाललं होतं. गरम झाल्यावर तेल पातळ होतं, आणि पातळ तेल जिथे थोडी फट असेल तिथून निसटतं. त्याच क्षणी माझा संशय तेलाच्या वाटेतल्या गळतीकडे वळला.

स्कॅनरवर दिसणारं तेलाचं तापमान खरं आहे ना, हेही पॅनवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून पडताळलं. तापमानाचा सेन्सर खोटं सांगत असेल तर गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर दाबही चुकीचाच ठरवणार. दोन आकड्यांत चार-पाच अंशांचा फरक होता, तो चालण्यासारखा.

स्कॅनरने काय सांगितलं आणि काय नाही

कोड दोन होते : पी०७३३ आणि पी०७३५. पहिल्याचा अर्थ तिसऱ्या गिअरचा रेशो जुळत नाही, दुसऱ्याचा अर्थ पाचव्याचा जुळत नाही. एवढंच. तिसऱ्या गिअरचा सोलेनॉइड खराब आहे असं हा कोड म्हणत नाही. आत येणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्या यांचा भागाकार अपेक्षेबाहेर गेला, इतकंच तो म्हणतो. आधीच्या माणसाने कोडला निदान समजून भाग बदलला, तिथेच वाट चुकली.

मी स्कॅनर लावूनच गाडी चालवायला घेतली. आत येणाऱ्या शाफ्टचा वेग, बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग, तेलाचं तापमान आणि कॉम्प्युटरने मागितलेला गिअर या चार ओळी एकाच आलेखावर घेतल्या. तेल ७० अंशांखाली असेपर्यंत दुसऱ्यावरून तिसरा अगदी लोण्यासारखा पडत होता. ८५ अंश ओलांडल्यावर पकडलेला एक बदल असा.

बाहेरचा शाफ्ट मिनिटाला १,०५० फेऱ्यांवर होता. या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्याचा रेशो २.३७०, म्हणजे आतला शाफ्ट साधारण २,४९० वर असणार, आणि होता. तिसऱ्याचा रेशो १.५५६. बदल पूर्ण झाल्यावर आतला शाफ्ट १,६३५ च्या आसपास उतरायला हवा. निरोगी गिअरबॉक्समध्ये ही रेष अर्ध्या सेकंदाच्या जवळपास एकसंध उतरते, जिन्याची एक पायरी उतरावी तशी. इथे ती आधी वर चढली, २,९५० ला जाऊन पोचली, तिथे क्षणभर घुटमळली आणि मग सरळ कड्यावरून पडावी तशी १,६३५ वर आपटली. कॉम्प्युटरने तिसरा मागितल्यापासून तो खरोखर लागेपर्यंत १.३ सेकंद. बाईंचं "आधी ओरडतं, मग धाडकन" हे वर्णन आलेखावर जसंच्या तसं उमटलं होतं.

पण त्याच आलेखात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते या निदानात तिला सगळ्यांत जास्त वजन आहे. एकदा लागल्यावर तिसरा गिअर अजिबात सुटत नव्हता. चढावर घेऊन गेलो, तिसऱ्यातच ठेवून पेडल दाबलं, तेल ९५ अंशांवर होतं, तरी भागाकार १.५५६ वरून हलला नाही. क्लचच्या प्लेटी जळून गुळगुळीत झाल्या असत्या तर त्या भार पडताच घसरल्या असत्या. या घसरत नव्हत्या. त्या फक्त उशिरा पकडत होत्या. उशीर आणि घसरण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की चांगले गिअरबॉक्स भंगारात जातात.

सामाईक काय आहे?

आता तो रिव्हर्स. सहा गिअरची ही मांडणी फ्रेंच अभियंता पिएर लपेल्तिए यांची. एक साधं ग्रहचक्र आणि त्यामागे राव्हिन्यो जातीचा जोडसंच, असे मिळून फक्त पाच पकडींवर सहा पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स मिळतो. मालिकेतल्या गाड्यांत ती २००१ पासून आली आणि नंतर बऱ्याच उत्पादकांनी घेतली. तिच्या पाच पकडींची नावं के१, के२, के३ हे क्लच आणि बी१, बी२ हे ब्रेक अशी धरू. प्रत्येक गिअरला यांतल्या दोनच लागतात. फक्त साध्या पहिल्यात बी२ च्या जागी एकाच दिशेने अडणारा एकमार्गी क्लच काम करतो.

पहिल्या चारही गिअरना के१ लागतो. चौथा, पाचवा, सहावा यांना के२. दुसरा आणि सहावा यांना बी१. तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स यांना के३. आणि बी२ रिव्हर्सला, तसंच पहिल्या गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंगला, म्हणजे पेडल सोडल्यावर इंजिनाने गाडी रोखण्याला.

वहीत हा तक्ता काढायचा आणि त्रास देणाऱ्या गिअरखाली रेघ मारायची. तिसरा, पाचवा, रिव्हर्स. तिन्हीत असणारी पकड एकच : के३. चौथा आणि सहावा स्वच्छ पडत होते म्हणजे के२ आणि बी१ निर्दोष. पहिला-दुसरा ठीक म्हणजे के१ निर्दोष. रिव्हर्सचा उशीर बी२ मुळे असण्याची शक्यता शिल्लक होती. त्यासाठी गाडी हाताने पहिल्यात टाकून उतारावर पेडल सोडलं. इंजिनाने गाडी लगेच आवळून धरली. बी२ वेळेवर पकडत होता.

रेसचं कारणही आता उलगडतं. दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना बी१ सुटतो आणि त्याच क्षणी के३ धरतो. दोघांच्या वेळा दोरीवरच्या दोन डोंबाऱ्यांसारख्या जुळाव्या लागतात. एकाने सोडायच्या आत दुसऱ्याने पकडायचं. के३ ला उशीर झाला की मधला क्षण न्यूट्रलचा. पाय पेडलवर आहे, इंजिनाला ओझं नाही, ते ओरडणारच.

कॉम्प्युटर इतके दिवस काय लपवत होता

गिअर अचानक बिघडला असं मालकांना नेहमी वाटतं. तसं नसतं. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर प्रत्येक बदलाची वेळ मोजतो, आणि एखादा क्लच उशीर करू लागला की पुढच्या वेळी त्याला तेल थोडं आधी, थोडं जास्त पाठवतो. हे समायोजन साठवलेलं असतं आणि उत्पादकाच्या पातळीचा स्कॅनर असेल तर वाचता येतं. के१, के२, बी१ यांचे आकडे मधल्या पट्ट्यात होते. के३ मध्ये तेल भरण्याचा आकडा परवानगीच्या टोकाला जाऊन टेकला होता. कॉम्प्युटर महिनोन्महिने सावरून घेत होता. देण्यासारखं काही उरलं नाही, त्या दिवशी बाईंना पहिला झटका जाणवला.

इथे एक कळकळीची विनंती. बरेच जण स्कॅनर लावताच समायोजन रीसेट करतात, "करून बघू" म्हणून. त्याने पुरावाच पुसला जातो, आणि बिचारा क्लच शून्यापासून पुन्हा घसरत शिकायला लागतो. आकडे आधी लिहून घ्या, फोटो काढा. दुरुस्ती झाल्याशिवाय रीसेटला हात लावू नका.

मुख्य लाइनचा दाब गेज लावून मोजला. थंड, गरम, डी, आर, सगळीकडे उत्पादकाच्या मर्यादेत. म्हणजे पंप आणि मुख्य नियामक ठीक. दाब तयार होत होता. के३ पर्यंत पोचता पोचता तो वाटेत कुठेतरी हरवत होता.

माझा अंदाज कुठे चुकला

तेल के३ ला पोचण्याच्या वाटेवर तीन ठिकाणी निसटू शकतं : व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेल वाटून देणाऱ्या व्हॉल्व्हांच्या ठोकळ्यात, जिथे त्या क्लचचा नियामक व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमच्या भोकात सरकतो, शाफ्टवरच्या सीलिंग रिंगांपाशी, किंवा क्लचच्या ड्रममधल्या पिस्टनच्या रबरी सीलपाशी. पहिलं ठिकाण गाडीखाली राहून गाठता येतं. उरलेल्या दोहोंसाठी गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलावा लागतो.

मी बाईंना सांगितलं की बहुधा सील कडक झालेत, गिअरबॉक्स उतरवण्याची तयारी ठेवा. वय आणि किलोमीटर बघून मी तसं बोललो, आणि ते घाईचं होतं. कडक झालेलं रबरी सील साधारणपणे थंड असताना त्रास देतं. तापलं की थोडं नरम पडून बसतं. सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकताना उशीर आणि नंतर सुरळीत, ही त्याची खूण. आमची गाडी सकाळी उत्तम होती. ही गोष्ट समोर असताना मी ती तोलली नाही. सुदैवाने कुठलाही मोठा भाग सुटा करण्याआधी खात्री करून घ्यायची सवय कामाला आली.

पॅन उतरवला. तेल गडद तपकिरी, जळकट वास होता पण नाकात झोंबणारा नव्हता. वास आणि रंग यांवरून निकाल देऊ नये. १,२६,००० किलोमीटर चाललेलं कुठलंही तेल असंच दिसतं. मी बघतो तो पॅनच्या तळाचा गाळ. चुंबकांवर करडी, मलमासारखी मऊ पेस्ट होती, ती नेहमीची. बोटात चोळल्यावर टोचणारा पोलादाचा कण एकही नाही. बुशच्या झिजेची पिवळी झाक नाही. काळी भुकटी होती, क्लचच्या प्लेटींची, पण पॅन झाकून टाकेल इतकी नाही. मग तोच गाळ पांढऱ्या कागदावर पसरून टॉर्च तिरकी धरली, आणि त्यात अगदी बारीक रुपेरी चमक दिसली. चुंबक फिरवला, ती हलली नाही. ॲल्युमिनियम. कुठेतरी ॲल्युमिनियम घासलं जात होतं.

व्हॉल्व्ह बॉडी उतरवली आणि हवेची चाचणी घेतली. उघड्या पडलेल्या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक क्लचला तेल नेणारं छिद्र दिसतं. कुठलं कोणाचं ते रिपेअर मॅन्युअलमध्ये असतं. डोळ्यांवर चष्मा चढवून, रबरी टोकाच्या नळीतून कोरडी हवा अडीच बारवर सोडायची आणि कान द्यायचा. के१ : जाड लाकडावर मुठीने मारावं तसा "ठक". के२ : तसाच. के३ ला हवा सोडताना मी गळतीचा फुसकारा ऐकायच्या तयारीत होतो. तिथूनही तोच भरीव "ठक" आला. नळी तशीच धरून ठेवली, फुसकारा जवळजवळ नाही. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. ड्रम, पिस्टन, रिंगा सगळं हवा धरून होतं. गिअरबॉक्स उतरवायचं कारणच उरलं नाही.

आता संशय एकाच जागी. व्हॉल्व्ह बॉडीच्या प्रत्येक नियामक भोकाला व्हॅक्युम लावून बघितलं. के१ आणि के२ च्या भोकांनी २० इंच पाऱ्याच्या वर धरलं. के३ चं भोक ११ इंचांवर थांबलं. व्हॉल्व्ह बाहेर काढून भोकात प्रकाश टाकला, तेव्हा ज्या पट्ट्यात व्हॉल्व्ह सतत मागेपुढे थरथरतो, तेवढाच पट्टा मॅट दिसत होता. बाकीची भिंत आरशासारखी. नखाला काही लागत नव्हतं. इतकी किरकोळ झीज, पण ९० अंशांच्या पातळ तेलाला ती पुरेशी होती.

हे असं का होतं, तेही सांगण्यासारखं आहे. सोलेनॉइड त्या व्हॉल्व्हला अखंड बारीक थरथर देत असतो, म्हणजे तो जागीच अडकून बसत नाही. स्वच्छ तेलात ही थरथर निरुपद्रवी असते. तेलात क्लचची भुकटी आणि धातूची बारीक पूड तरंगू लागली की तेच तेल पॉलिश पेपरसारखं काम करतं. कठीण लेप दिलेला व्हॉल्व्ह शाबूत राहतो, मऊ ॲल्युमिनियमचं भोक झिजतं. म्हणूनच नवा सोलेनॉइड टाकून काही उपयोग झाला नव्हता. तो आदेश बरोबर देत होता, व्हॉल्व्ह हलतही होता, पण बाजूने तेल निसटत होतं. मी त्या बदललेल्या सोलेनॉइडचा रोध थंड आणि गरम दोन्ही वेळा मोजला होता, ठीक होता.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आता हातात होतं. सकाळी तेल घट्ट असतं, त्या फटीतून निसटत नाही, म्हणून गिअर नव्यासारखा पडतो.

दुरुस्ती

पर्याय तीन होते : पूर्ण गिअरबॉक्स, पूर्ण व्हॉल्व्ह बॉडी, किंवा फक्त ते भोक रीम करून, म्हणजे किंचित मोठं कापून घेऊन, मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह बसवणं. मी तिसरा निवडला, पण एक अट सांगून. के३ च्या प्लेटी चार महिने प्रत्येक बदलाला थोड्या घासल्या आहेत. त्या आज पकडतायत हे मी दाखवू शकतो, अजून किती चालतील हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बाईंना आलेख दाखवला, १.५५६ वर स्थिर असलेली चढावरची रेष दाखवली आणि म्हटलं, "मी या रेषेच्या भरवशावर हे काम करतोय. ही रेष पुढे कधी हलली, तर मात्र गिअरबॉक्स खोलावा लागेल." त्या म्हणाल्या, "निदान आता मला कळतंय तरी, तुम्ही काय करताय ते."

भोक रीम केलं, नवा व्हॉल्व्ह बसवला, पुन्हा व्हॅक्युम लावला : आता शेजाऱ्यांच्या बरोबरीने. बाकीचे व्हॉल्व्ह स्वच्छ करून जागच्या जागी, गॅस्केट नवी, फिल्टर नवा. सात लिटरांपैकी पॅनमधून तीनच लिटर निघतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या जातीचं ऑइल भरून पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा काढून भरलं. मशीनने जोर लावून फ्लश केलं नाही. इतक्या वर्षांचा गाळ एकदम सैल करून अरुंद वाटांत ढकलणं मला पटत नाही.

"जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स जातो" हे सगळीकडे ऐकू येतं. निरोगी क्लच नव्या तेलाने मरत नाही. आधीच घसरत असलेल्या गाडीला शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदललं जातं, ती पुढे जायचीच असते, आणि नाव ऑइलचं होतं. या गाडीत घसरण नव्हती, म्हणूनच मी निर्धास्तपणे बदललं.

आता समायोजन रीसेट केलं आणि शिकवणीचा फेरा घेतला : हलक्या पेडलवर सगळे गिअर वर-खाली, पुन्हा पुन्हा, तेल ठरलेल्या तापमानात ठेवून. पहिल्या दहा मिनिटांत तिसरा किंचित चाचपडत पडत होता, आणि त्या वेळी माझ्या पोटात गोळा आला होता हे कबूल करतो. विसाव्या मिनिटाला तो जागेवर आला.

मग खरी परीक्षा, गरम. पाऊण तास चालवून तेल ९४ अंशांवर नेलं. दुसऱ्यावरून तिसरा : रेष २,४८० वरून १,६३० ला, ०.५५ सेकंदात, एकदाही वर न चढता. चौथ्यावरून पाचवा तसाच. थांबवली, रिव्हर्स टाकला, आणि एक म्हणायच्या आत गाडी मागे सरकायला लागली.

हजार किलोमीटरनंतर बोलावली, मग पाच हजारांनंतर. दोन्ही वेळा तेलाचे चार थेंब पांढऱ्या कागदावर टाकले : लालसर, कडेला काळी कड नाही. शेवटची नोंद १४,००० किलोमीटरची आहे. के३ चा भरण्याचा आकडा दुरुस्तीनंतर पट्ट्याच्या मधे बसला होता. तो दोन पायऱ्या वर सरकलाय आणि मागच्या दोन वेळा तिथेच आहे. त्याच चढावर तिसऱ्यात पेडल दाबून बघितलं, भागाकार १.५५६.